संप्रेरकाला न जुमानणारी गाठ : एका चुकीच्या नावाचा इतिहास

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तळाशी असलेली, आक्रोडाएवढी ग्रंथी. वीर्यातला काही द्रव तयार करणे हे तिचे काम, आणि ते ती वृषणांतून येणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या जोरावर करते. या ग्रंथीचा कर्करोग शरीरात पसरला की संप्रेरकाचा पुरवठा तोडायचा, ही उपचारपद्धती १९४१ पासून चालत आली आहे. बहुतेक रुग्णांत गाठ आधी आक्रसते आणि दुखणे थांबते. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, रक्तातले टेस्टोस्टेरॉन तळाला असतानाच, ती पुन्हा वाढू लागते. या दुसऱ्या अवस्थेला डॉक्टर कित्येक दशके ‘संप्रेरकाला दाद न देणारा कर्करोग’ म्हणत आले. ते नाव चुकीचे होते, आणि त्या नावापायी संशोधन बराच काळ भलत्या वाटेने गेले.

वृषण आणि प्रोस्टेट यांचे नाते मात्र फार पूर्वीपासून माहीत होते. लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७८६ मध्ये लिहून ठेवले की वळूची प्रोस्टेट मोठी असते, तर खच्ची केलेल्या जनावराची लहान आणि लिबलिबीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइट यांनी तोच न्याय माणसाला लावला आणि म्हातारपणी वाढलेल्या प्रोस्टेटमुळे लघवी अडलेल्या पुरुषांची वृषणे काढण्याचा उपाय सुचवला. काहींना आराम पडला, पण थेट ग्रंथीवरच्या शस्त्रक्रिया सुधारत गेल्या तशी ही पद्धत मागे पडली. ती सगळी खटपट साध्या वाढीसाठी होती. कर्करोगाची तर ओळखच नवी होती. लंडनच्याच जॉन ॲडम्स यांनी १८५३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासून या रोगाचा रुग्ण नोंदवला, तेव्हा त्याला अत्यंत दुर्मीळ रोग म्हटले. तो होण्याच्या वयापर्यंत तेव्हा फार थोडे पुरुष पोचत, आणि जे पोचत त्यांचे मरण लघवी तुंबल्याच्या किंवा म्हातारपणाच्या खाती जमा होई. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ मध्ये कर्करोगासाठी संपूर्ण प्रोस्टेट काढण्याची शस्त्रक्रिया केली खरी, पण बहुतेक रुग्ण यायचे ते रोग हाडांत उतरल्यावर. अशांना वेदनाशामकापलीकडे देण्यासारखे फार काही नव्हते.

१९३० नंतरच्या दशकात तीन शहरांतली तीन वेगळी कामे एकत्र जुळून आली. ॲमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकर यांच्या गटाने १९३५ मध्ये वळूंच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वेगळे काढले, आणि त्याच वर्षी आडोल्फ बूटेनांट व लेओपोल्ड रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत बनवण्याची रीत शोधली. लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ मध्ये स्टिलबेस्ट्रॉल हे स्वस्त आणि गोळीने देता येणारे कृत्रिम स्त्री-संप्रेरक तयार केले. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर आणि एथेल गटमन यांनी त्याच वर्षी दाखवले की प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेल्यांच्या रक्तात ॲसिड फॉस्फेटेज हे विकर वाढलेले असते. पहिल्या दोन शोधांनी संप्रेरक वाढवण्या-घटवण्याची साधने हाती दिली. तिसऱ्याचे मोल त्याहून मोठे होते, कारण रक्ताच्या चाचणीवरून गाठीचा चढउतार कळेल अशी सोय तोवर जवळजवळ नव्हतीच.

ही तिन्ही साधने एका कामाला जुंपली ती शिकागो विद्यापीठातल्या चार्ल्स हगिन्स यांनी. ते मूळचे कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे, व्यवसायाने मूत्रमार्गाचे शल्यविशारद; त्यांची ओढ मात्र शरीराच्या रसायनाकडे होती. प्रयोगासाठी त्यांनी कुत्रा निवडला, कारण वय झाल्यावर माणसासारखी आपसूक प्रोस्टेट वाढणारा तो जवळपास एकमेव पाळीव प्राणी. एक लहानशी शस्त्रक्रिया करून त्यांनी प्रोस्टेटचा द्रव मूत्रापासून वेगळा, स्वच्छ मिळेल अशी व्यवस्था केली. एकाच कुत्र्याचा द्रव महिनोन्‌महिने मोजता येऊ लागला. वृषणे काढली की द्रव आटे, टेस्टोस्टेरॉन टोचले की परत येई, स्त्री-संप्रेरक दिले की पुन्हा थांबे. काही म्हाताऱ्या कुत्र्यांच्या प्रोस्टेटमध्ये गाठी होत्या आणि वृषणे काढल्यावर त्या आक्रसल्या. हगिन्स यांचे लक्ष माणसाकडे वळले ते इथे.

कर्करोगाची पेशी स्वैर असते, ती शरीराचा कुठलाच नियम पाळत नाही, अशी तेव्हाची समजूत होती. हगिन्स आणि त्यांचे विद्यार्थी-सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये छापलेल्या निबंधांनी तिला धक्का दिला. वृषणे काढली किंवा स्त्री-संप्रेरक दिले की रुग्णाच्या रक्तातले ॲसिड फॉस्फेटेज उतरत होते. टेस्टोस्टेरॉन टोचले की चढत होते. पाठोपाठच्या निबंधात वृषणे काढलेल्या २१ रुग्णांची हकीकत आली. हाडांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले काही जण थोड्याच दिवसांत वेदनाशामकाशिवाय झोपू लागले, जेवू लागले. पसरलेला कर्करोग शरीरातले एक रसायन कमी करून मागे हटवता येतो, हे पहिल्यांदा मोजमापासह सिद्ध झाले. या कामासाठी हगिन्स यांना १९६६ मध्ये, म्हणजे २५ वर्षांनी, पेटन राउस यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

सुधारलेले बहुतेक रुग्ण पुढे पुन्हा खालावले. हगिन्स यांनी ते लपवले नाही, आणि त्यावर त्यांनी जो तर्क केला तो या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित तर्क म्हणावा लागेल. वृषणे गेली तरी मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी पुरुष-संप्रेरकासारखी द्रव्ये थोड्या प्रमाणात बनवतच असतात. गाठ आता त्यांवर जगत असावी. १९४५ मध्ये त्यांनी विल्यम स्कॉट यांच्यासह काही रुग्णांच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून पाहिल्या. या ग्रंथींशिवाय माणूस जगू शकत नाही आणि त्यांची उणीव भरून काढणारे कॉर्टिसोन तेव्हा मिळत नव्हते. रुग्ण दगावले. १९५० नंतर कॉर्टिसोन आल्यावर ही शस्त्रक्रिया पुन्हा झाली, काही ठिकाणी मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथीही काढून पाहिली गेली. काहींना थोडे दिवस आराम पडला, पण इजा मोठी आणि लाभ तोकडा असे दिसल्यावर वाट सोडून देण्यात आली. तर्क बरोबर होता, हत्यारे फार बोथट होती. पुढच्या पिढीने मात्र हत्याराबरोबर तर्कही टाकून दिला.

त्यानंतरची चाळीसेक वर्षे संप्रेरक तोडण्याच्या रीती सुधारण्यात गेली. स्टिलबेस्ट्रॉलच्या गोळीने वृषणे न काढताही तेच साधत होते. पण अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १९६० मध्ये सुरू केलेल्या मोठ्या तुलनात्मक पाहणीत दिसले की रोज ५ मिलिग्रॅम गोळी घेणाऱ्यांत कर्करोगाचे मृत्यू घटतात, मात्र हृदयविकाराचे आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचे वाढतात. १९७१ मध्ये अँड्र्यू शॅली यांच्या गटाने मेंदूकडून पियुषिकेला जाणाऱ्या, वृषणांना कामाला लावणाऱ्या संदेशाची रचना उलगडली. ती अवघ्या दहा ॲमिनो आम्लांची साखळी निघाली. हा संदेश थांबत-थांबत न देता सतत दिला, तर पियुषिका आधी उसळते आणि मग गप्प होते. या तत्त्वावरचे ल्युप्रोलाइड १९८५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. भारतात आजही इंजेक्शनांचा वर्षानुवर्षांचा खर्च न पेलणारे अनेक रुग्ण वृषणे काढण्याची एकदाची शस्त्रक्रियाच पत्करतात, आणि संप्रेरक घटवण्याच्या कामी ती आजही कुठेच कमी पडत नाही.

पद्धत कोणतीही असो, शेवट तोच होता. गाठ परत यायची, आणि तिच्या कागदावर ‘संप्रेरकाला दाद न देणारी’ असा शेरा पडायचा. ही समजूत पक्की होण्याला कारणे होती. रक्त तपासले तर टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नाहीसे झालेले दिसे. संप्रेरकावरचा दुसरा, तिसरा उपाय फारसा लागू पडत नसे. त्यातच प्रयोगशाळांनी भर घातली. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रोस्टेट कर्करोगाच्या दोन पेशीमालिका काचेच्या बशीत जोमाने वाढू लागल्या आणि जगभर वाटल्या गेल्या. एक, पीसी-३, हाडात पसरलेल्या गाठीतली; दुसरी, डीयू-१४५, मेंदूतल्या गाठीतली. दोन्हींना पुरुष-संप्रेरकाची गरज नव्हती. हजारो प्रयोग त्यांवर झाले आणि त्यांचे निष्कर्ष सगळ्या रुग्णांना लावले गेले. बहुसंख्य रुग्णांच्या गाठी तशा नव्हत्याच. बफेलो शहरात १९७७ मध्ये एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीतून काढलेली एलएनकॅप ही तिसरी मालिका वाढवायला किचकट आणि संथ, पण पुरुष-संप्रेरकाला ओळखणारी होती. खरी गोष्ट तिच्यात दडलेली होती.

उलटा पुरावा तर रोजच्या तपासणीत समोर होता. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी बनवलेले प्रथिन १९७९ मध्ये बफेलोतच शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेले आणि १९८६ पासून रुग्णांच्या देखरेखीसाठी रक्तात मोजले जाऊ लागले. पीएसएचे जनुक चालू करतो तो पेशीतला पुरुष-संप्रेरकाचा ग्राही. संप्रेरक ग्राहीच्या खोबणीत बसले की ग्राही डीएनएला चिकटून जी जनुके जागवतो, त्यांतलेच हे एक. वृषणे काढल्यावर पीएसए कोसळे. गाठ परत येण्याआधी, पुष्कळदा कित्येक महिने आधी, पीएसए पुन्हा चढू लागे. म्हणजे ग्राही पुन्हा कामाला लागला होता. प्रत्येक रुग्णाच्या कागदावर हे लिहिलेले असे, आणि तरी त्याच कागदावर ‘दाद न देणारी’ हा शेरा कायम राही.

गाठीची ही पुन्हा होणारी वाढ येते कुठून, यावर १९८१ मध्ये जॉन आयझॅक्स आणि डोनाल्ड कॉफी यांनी उंदरांच्या गाठींवर काम केले. त्यांचा निष्कर्ष असा की संप्रेरकाशिवाय जगू शकणाऱ्या थोड्या पेशी गाठीत पहिल्यापासून असतात. उपचाराने बाकीच्या मेल्या की त्यांना रान मोकळे मिळते, फवारणीतून वाचलेल्या तणासारखे. निवड होते ही कल्पना टिकली. निवडले काय जाते, हे मात्र ग्राही स्वतः हाती लागेपर्यंत कळणार नव्हते. १९८८ मध्ये शिकागोत शुत्सुंग लियाओ यांच्या आणि नॉर्थ कॅरोलायनात फ्रँक फ्रेंच व एलिझाबेथ विल्सन यांच्या गटाने त्याचे जनुक वेगळे केले. ते एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून पुरुषाच्या पेशीत त्याची एकच प्रत असते.

पहिला धक्का १९९० मध्ये रॉटरडॅमहून आला. एलएनकॅप पेशींच्या ग्राहीत फक्त एक ॲमिनो आम्ल बदललेले होते, पण तेवढ्याने संप्रेरकाची खोबण सैल झाली होती. तिच्यात प्रोजेस्टेरॉन बसत होते, इस्ट्रोजेन बसत होते, आणि ग्राहीला अडवण्यासाठी दिले जाणारे औषधही बसून त्याला चालू करत होते. तीन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली गेली: फ्लुटामाइड हे अडवणारे औषध घेणाऱ्या, रोग वाढत चाललेल्या काही रुग्णांचे ते औषध नुसते बंद केले, तर पीएसए उतरू लागला. औषधच गाठीचे अन्न झाले होते. १९९५ मध्ये फिनलंडच्या तापियो विसाकोर्पी यांच्या गटाने परत आलेल्या गाठींपैकी सुमारे ३० टक्के गाठींत ग्राहीच्या जनुकाच्या अनेक प्रती तयार झालेल्या दाखवल्या. त्याच रुग्णांच्या उपचारापूर्वीच्या नमुन्यांत त्या नव्हत्या. संप्रेरक कमी पडू लागल्यावर गाठीने ते पकडणारे हात वाढवले होते.

या सगळ्याला एका सूत्रात बांधणारे काम २००४ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने केले. उंदरांत वाढवलेल्या माणसाच्या गाठींच्या सात जोड्या त्यांनी घेतल्या. प्रत्येक जोडीत एक संप्रेरकावर अवलंबून असलेली, दुसरी तिच्यातूनच निघालेली प्रतिरोधी. हजारो जनुकांची तुलना केल्यावर सातही जोड्यांत सारखा आढळलेला बदल एकच निघाला: ग्राहीचे प्रमाण वाढलेले. वाढही प्रचंड नव्हती, पण तेवढी पुरत होती. थेंबभर संप्रेरकावर पेशी जगू लागे आणि ग्राहीला अडवणारे बायकालुटामाइड तिला उलट उत्तेजन देऊ लागे.

तो थेंब तरी येत कुठून होता? याचे उत्तर गाठीच्या आतच होते. जेम्स मोहलर यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की रक्तात टेस्टोस्टेरॉन नगण्य असताना परत आलेल्या गाठीच्या ऊतीत ते जवळपास निरोगी प्रोस्टेटइतके असते. २००८ मध्ये सिॲटलच्या ब्रूस माँटगोमरी आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या गाठी तपासल्या. मृत्यूनंतर काही तासांत शवविच्छेदनाला संमती देऊन गेलेल्या रुग्णांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या औदार्याने हे नमुने मिळाले होते, आणि त्यांचे ऋण या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने मानायला हवे. त्या गाठींत संप्रेरक बनवणारी विकरे वाढलेली होती. अधिवृक्क ग्रंथींकडून आलेल्या कच्च्या मालापासून गाठ आपले टेस्टोस्टेरॉन आपणच शिजवत होती. हगिन्स यांनी १९४५ मध्ये जे ताडले होते, ते अशा रीतीने साठ वर्षांनी पुढच्या टप्प्यासह सिद्ध झाले. याच सुमारास जुने नावही मागे पडले. २००८ पासून डॉक्टर ‘वृषणनिरोध-प्रतिरोधी’ अशा अर्थाचा शब्द वापरू लागले: वृषणे बंद करून न थांबणारी गाठ, एवढाच त्याचा दावा.

नाव बदलले तशी औषधेही पुढे सरकली. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच अबिरॅटेरोन हे औषध तयार झाले होते. टेस्टोस्टेरॉन बनण्याच्या साखळीतले एक मोक्याचे विकर ते बंद करते, मग ती साखळी वृषणात असो, अधिवृक्क ग्रंथीत असो की गाठीत. गाठीला संप्रेरकाची गरजच उरलेली नाही असे मानणाऱ्या काळात त्याला वाली मिळाला नाही आणि दशकभर ते रेंगाळले. या एका उदाहरणावरून चुकीच्या नावाची किंमत कळते. पुढे योहान डी बोनो यांनी लंडनमध्ये ते रुग्णांना देऊन पाहिले, आणि २०११ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला: केमोथेरपी होऊनही रोग वाढलेल्यांचे मध्यम आयुष्य १०.९ महिन्यांवरून १४.८ महिन्यांवर गेले. दुसरे औषध, एन्झालुटामाइड, सॉयर्स आणि रसायनतज्ज्ञ मायकेल युंग यांनी मुद्दाम ग्राही वाढवलेल्या पेशींवर पारखून निवडले. २००४ च्या निष्कर्षाची ती थेट फलश्रुती. २०१२ च्या चाचणीत त्याने १३.६ महिन्यांचे १८.४ केले. दरम्यान २००४ मध्ये आलेले डोसेटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध आपल्या जागी टिकून राहिले.

जोरदार औषधांनी गाठीला आणखी बदलायला भाग पाडले. ग्राहीच्या जनुकाचा संदेश पेशीत जुळवला जाताना त्याचा शेवटचा भाग गाळून तोकडे ग्राही बनू लागले. त्यांतला एआर-व्ही७ सर्वाधिक अभ्यासला गेला आहे. त्याला संप्रेरकाची खोबणच नसते, त्यामुळे संप्रेरक नसले तरी तो चालू असतो आणि औषधाला धरायला जागा नसते. जॉन्स हॉपकिन्सच्या इमॅन्युएल अँटोनाराकिस यांनी २०१४ मध्ये रक्तात फिरणाऱ्या गाठीच्या पेशींत तो शोधला. एन्झालुटामाइडच्या ३१ रुग्णांपैकी ३९ टक्क्यांत आणि अबिरॅटेरोनच्या ३१ पैकी १९ टक्क्यांत तो आढळला, आणि आढळलेल्यांपैकी एकाचाही पीएसए पुरेसा उतरला नाही. २०१५ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या १५० रुग्णांच्या पसरलेल्या गाठींची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा सुमारे ७१ टक्क्यांत ग्राहीच्या यंत्रणेत कुठे ना कुठे बिघाड होता आणि जवळपास २३ टक्क्यांत डीएनएची दुरुस्ती करणारी जनुके मोडलेली होती. या दुसऱ्या गटासाठी ओलापॅरिब हे औषध २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झाले. २०१८ मध्ये आणखी एक युक्ती उघड झाली: पुष्कळ गाठींत ग्राहीच्या जनुकापासून दूर असलेल्या, त्याला चेतवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्याच प्रती वाढलेल्या असतात.

काही गाठी मात्र ग्राहीचा नाद खरोखरच सोडतात. आरबी१ आणि टीपी५३ ही पेशीला लगाम घालणारी दोन जनुके एकदम हरवली, तर पेशी आपली जात बदलू शकते, हे २०१७ मध्ये दोन अभ्यासांत दिसले. प्रोस्टेटची पेशी मग चेतापेशीशी साम्य असलेल्या, लहान आणि झपाट्याने विभागणाऱ्या पेशीचे रूप घेते. जुन्या काळी हे रूप विरळा होते. २०१८ मध्ये छापलेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत प्रतिरोधी अवस्थेतल्या, बायोप्सी झालेल्या रुग्णांपैकी सुमारे १७ टक्क्यांत ते आढळले. ‘संप्रेरकाला दाद न देणारी’ हे जुने नाव याच गाठींना खऱ्या अर्थाने लागू पडते. संप्रेरकावरची औषधे इथे निकामी ठरतात. प्लॅटिनमयुक्त केमोथेरपी द्यावी लागते आणि तिचा गुण फार काळ टिकत नाही. या गाठी ग्राहीवर चालत नाहीत, म्हणून पीएसएही बनवत नाहीत. पीएसए खालीच राहून यकृतात किंवा हाडांत गाठी वाढत असतील, तर नुसत्या रक्ताच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. त्या गाठीचा नवा तुकडा काढून पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.